जनुकांच्या नोंदी आणि आतड्याचा विकार : भोपाळच्या अभ्यासाच्या निमित्ताने

पोटात दुखते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते. मात्र दुर्बिणीतून तपासल्यास आतडे निरोगी दिसते. या विकारास ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, थोडक्यात आयबीएस, असे म्हणतात. तपासणीत काही सापडत नाही म्हणून ‘हा मनाचा आजार’ असे सांगून रुग्णाची बोळवण करण्याची प्रथा दीर्घकाळ होती. जनुकांच्या अभ्यासाने या समजुतीस कसा छेद दिला आणि त्यात भोपाळचे स्थान कोणते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सुरुवातीस आधार होता तो केवळ रुग्णाच्या कथनाचा. १९७८ साली ब्रिस्टल येथील मॅनिंग व सहकाऱ्यांनी लक्षणांवरून निदानाचे निकष मांडले. पुढे ‘रोम निकष’ आले; त्यांची चौथी आवृत्ती २०१६ ची. हे निकष पाश्चात्त्य रुग्णांवरून बेतलेले होते. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या कार्यदलाने २००८ मध्ये २,७८५ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ही विसंगती ठळक झाली. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे म्हणजे बद्धकोष्ठ, ही व्याख्या भारतीयांना लागू पडेना. रोज शौचास जाणारेही बद्धकोष्ठाचीच तक्रार करीत होते.

येथे एक संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुके तीच असतात. त्यांपैकी कोणती, किती प्रमाणात कार्यरत आहेत, यास जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ग्रंथालयात कोणती पुस्तके आहेत हे एक, आणि आज कोणती वाचली जात आहेत हे दुसरे. १९९५ साली स्टॅनफर्ड येथे मायक्रोअ‍ॅरे तंत्र पुढे आले आणि अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजता येऊ लागली. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची अभिव्यक्ती कमी आढळली. हा निष्कर्ष नंतर सर्वत्र सारखा मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. २००८ मध्ये बेल्जियममधील गटाने मायक्रोअ‍ॅरे वापरून अस्तराच्या रोगप्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांतील फरक दाखविला. ‘निरोगी’ दिसणारे अस्तर आतून वेगळे वागत होते. २०२१ मध्ये ५३,४०० रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून सहा जागा निश्चित झाल्या. त्यांतील अनेक जनुकांचा संबंध मेंदू व मज्जातंतूंशी आहे. म्हणजे मनाचा धागा खोटा नव्हता, पण तो रुग्णाचा दोषही नव्हता. शिवाय या जनुकीय फरकांचा एकूण वाटा सुमारे सहा टक्केच भरला. उरलेल्या भागात आहार, जंतुसंसर्ग व परिस्थिती यांना मोठा वाव राहतो.

या अभ्यासातील रुग्ण मुख्यतः युरोपीय वंशाचे होते. मग आपल्याकडील रुग्णाची तुलना कोणत्या निरोगी माणसाशी करावयाची? भोपाळचे महत्त्व या प्रश्नात आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील आयसर या संस्थेतील डॉ. विनीत शर्मा यांच्या गटाने २०१९ मध्ये ११० निरोगी भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंच्या जनुकांची सूची प्रसिद्ध केली. नमुने भोपाळ व केरळ येथील होते. भोपाळच्या, प्रामुख्याने वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या लोकांत प्रीव्होटेला हा जीवाणू प्रबळ आढळला. केरळच्या मिश्राहारी लोकांत बॅक्टेरॉइड्स, रुमिनोकॉकस व फीकॅलिबॅक्टेरियम पुढे होते. दोन्ही गट निरोगीच! तेव्हा परदेशी आकडेवारीशी ताडून भोपाळच्या रुग्णातील प्रीव्होटेलाचे आधिक्य रोगाचे लक्षण ठरविणे किती धोक्याचे, हे प्राध्यापकांनी वर्गात अवश्य दाखवावे.

अर्थात ही सूची म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांची यादी होय. ती अभिव्यक्ती सांगत नाही. संशोधकांनी शौचाच्या नमुन्यांतील रासायनिक द्रव्येही मोजली, त्यामुळे जीवाणूंच्या प्रत्यक्ष कार्याचा काही अंदाज येतो. आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याचे अस्तर, त्यांतील जनुकांची अभिव्यक्ती व जीवाणू यांची याच प्रदेशातील निरोगी व्यक्तींशी तुलना करावयाची झाल्यास, तिचा पाया या ११० व्यक्तींच्या नोंदींनी घातला आहे.