पोरक्या पोलिश मुलांचा आश्रय

जांब गांवचा नारायण बाराव्या वर्षीं एकटाच घर सोडून नाशिकजवळ टाकळीस गेला व तेथें माधुकरीवर वाढला, अशी समर्थचरित्राची परंपरा आहे. परक्या लेंकरास घासांतला घास देण्याच्या या रीतीची कसोटी 1942 सालीं फिरून लागली.

सोव्हिएत सरकारनें 1940-41 मध्यें हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतील पोरकीं बालकें इराणमार्गें मुंबईस आलीं. कांहीं काळ तीं वांद्र्यास राहिलीं. मग नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनीं त्यांस काठेवाडांत बालाचडी येथें आश्रय दिला. खर्चासाठीं उभारलेल्या निधीचा कारभार दिल्लीचे आर्चबिशप, जीझस अँड मेरी मठाच्या मदर सुपीरियर आणि सरकारी अधिकारी कॅप्टन वेब पाहत. हिंदु राजा, कॅथोलिक धर्मगुरु व इंग्रज अंमलदार एकाच कार्यास लागावेत, हें त्या काळीं नित्याचें खचित नव्हतें!

युद्ध संपलें, पण पोलंडांत नवी राजवट आली व मुलांस सक्तीनें परत धाडतील असें भय उत्पन्न झालें. तेव्हां छावणीप्रमुख फादर प्लूता, जामसाहेब व एक ब्रिटिश अधिकारी यांनीं मुलांस संयुक्तपणें दत्तक घेतलें. आमच्या मतें अन्नवस्त्राहूनही ही सही मोलाची होती.

1946 सालीं बालाचडींत उरलेलीं मुलें कोल्हापुराजवळील वळिवडें छावणींत आलीं. तेथें 1943 पासून सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुलेंच, राहत असत. शाळा व ख्रिस्तमंदिरही होतें. 1948 पर्यंत छावणी रिती झाली, आणि फाळणीनें बेघर झालेलीं सिंधी कुटुंबें तेथें राहावयास आलीं. तेंच आजचें गांधीनगर.