मऊ बाणांची तोफ

इतिहासाचा अभ्यासक खऱ्या तोफांचे वजन, पल्ला आणि दारूगोळा यांची नोंद मोठ्या आस्थेने करतो; मुलांच्या हातातील तोफेकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही. ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाही. खेळणे वडीलधारी माणसेच घडवतात, तीच ते विकत घेतात आणि मुलांच्या हाती देतात. तेव्हा मुलांनी कसे खेळावे याविषयी त्या त्या काळच्या मोठ्या माणसांची जी कल्पना असते, ती खेळण्यात जितकी स्पष्ट उमटते तितकी उपदेशाच्या पुस्तकांत उमटत नाही. आज आम्ही अशाच एका खेळण्याची परीक्षा करणार आहोत : तिकाटण्यावर उभी राहणारी, विजेच्या सेलवर चालणारी आणि फोमचे मऊ बाण एकामागून एक फेकणारी अवजड तोफ.

हिच्या घराण्याचा आरंभ मात्र तोफेत नाही, तो एका चेंडूत आहे. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ सिद्ध केला. पुढे त्याचा हलका, सच्छिद्र फोम निघाला व तो गाद्यागिरद्यांतून घरोघर गेला. १९६९ साली अमेरिकेत रेन गायर नावाचे खेळ-संशोधक आदिमानवांच्या एका खेळाची जुळवाजुळव करीत होते. त्या खेळासाठी फोमचे खोटे दगड केले होते. खेळापेक्षा दगड फेकण्यातच अधिक मौज आहे, असे त्यांच्या मंडळींच्या ध्यानात आले. त्या दगडांचा चेंडू झाला, आणि सेलम गावच्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो 'नर्फ' या नावाने बाजारात आणला. घरात खेळता येईल असा चेंडू, ही त्याची जाहिरात होती. दिवा फुटणार नाही, खिडकी फुटणार नाही, कोणाला इजा होणार नाही, हे आईबापांना दिलेले अभय होते. त्या चेंडूचे खरे मोल या अभयात होते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

वीस वर्षांनी, १९८९ साली, याच फोमचे गोळे नळीतून हवेच्या दाबाने उडवणारे खेळणे निघाले. १९९२ साली गोळ्याच्या जागी बाण आला. आरंभी हाताने ओढावयाचे दट्टे होते. एकदा ओढावे, एकदा उडवावे. नंतर मोटार आली, आणि २००८ साली 'व्हल्कन' नावाची तोफ अवतरली. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्निदेव. फोमच्या बाणांना हे नाव जरा जडच जाते. २५ बाणांचा पट्टा, खाली तिकाटणे आणि पोटात सहा जाडजूड सेल, असा तिचा थाट होता. मोटार दंतचक्रे फिरवी, दंतचक्रे दट्ट्या मागे ओढीत, दट्ट्या सुटला की हवेचा झोत बाणाला पुढे लोटी, आणि पट्टा एक घर सरके. २०१४ साली याच घराण्यात दोन नळ्यांची व ५० बाणांची तोफ आली. तिच्यात दट्ट्या नव्हता; उलटसुलट फिरणारी चाके बाणाला चिमटीत धरून पुढे फेकीत. क्रिकेटच्या सरावासाठी चेंडू टाकणारे दोन चाकांचे यंत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ही युक्ती निराळी समजावून सांगावयास नको.

आता परीक्षा. पहिला प्रश्न असा की, या आकाराने साधले काय? बाण तोच, सुमारे एक ग्रॅम वजनाचा. तो सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला असे धरले, तरी त्याचा जोर क्रिकेटचा चेंडू जेमतेम पाच इंचांवरून खाली पडावा इतकाच भरतो. लहान पिस्तूल जो बाण फेकते तोच बाण ही तोफ फेकते. वाढते ती केवळ संख्या आणि आवाज. या आवाजानेच दडून बसलेल्या तोफखान्याचा ठावठिकाणा शत्रूस कळतो! शिवाय नुसते सेलच पाऊण किलोहून अधिक भरतात, ते वेगळे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : खेळतो कोण, मूल की यंत्र? येथे एका जुन्या तोफेची आठवण करणे उपयुक्त ठरेल. सुप्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम बांधून दिले. त्यांचा सारा खेळ एका लहानशा स्प्रिंगच्या तोफेवर उभा होता. ती इंचभर लाकडी गोळा फेकी, एका वेळी एकच. त्यामुळे खेळणाऱ्यास डोळा बारीक करून नेम धरावा लागे, विचार करावा लागे, हुकल्यास प्रतिस्पर्ध्याची पाळी सोसावी लागे. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध कितीतरी बरे, असे त्यांचे सांगणे होते. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. वेल्स यांच्या खेळात तोफ मुलाचे साधन होती. मोटारीच्या तोफेत चाप दाबून धरणे एवढेच मुलाच्या वाट्यास उरते. पट्टा काही क्षणांत रिकामा होतो, आणि मग सेनापती गुडघ्यांवर बसून पलंगाखालचे बाण वेचू लागतो व ते एकेक करून पट्ट्यात भरू लागतो. खेळातला आनंद यंत्राने घेतला आणि मजुरी मुलाकडे ठेवली, असा हा व्यवहार आहे.

तथापि, न्याय करावयाचा तर गुणही सांगितले पाहिजेत. 'व्हल्कन'चे सेल संपले तरी हाताने खटका ओढून एकेक बाण उडवता येत असे. म्हणजे वीज गेल्यावर ती पुन्हा मुलाची होई. चाकांच्या तोफेला ही सोय नाही. सेल संपले की ती निव्वळ ओझे. दुसरा गुण असा की, तिचे बेढब रूप हेच तिचे चिलखत आहे. खेळण्यातली शस्त्रे खरी वाटून अनर्थ होतो, म्हणून अमेरिकेत १९८८ साली त्यांवर नारिंगी खूण असावी असा कायदा झाला. तरीही २०१४ साली क्लीव्हलंड शहरात नकली पिस्तूल बाळगणारा १२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मरण पावला. त्या पिस्तुलावर ती खूण उरलेली नव्हती. भडक पिवळ्या रंगाची, अवाढव्य तोफ पाहून कोणाचीही अशी फसगत होणार नाही. आमच्या मते खेळण्याने खेळण्यासारखेच दिसावे. हुबेहूबपणा हा येथे दोष होय.

राहता राहिले ते मूळचे अभय. ते पुरते पाळले गेले काय? २०१७ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील वैद्यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली : दोन प्रौढ आणि एक ११ वर्षांचा मुलगा. मऊ बाण डोळ्यावर बसून तिघांच्याही डोळ्यांत रक्तस्राव झाला होता. सुदैवाने तिघांचीही दृष्टी पुन्हा ठीक झाली. पाच इंचांवरून पडणारा चेंडू पायाला लागला तर हसू येते. तोच जोर बुबुळावर एकवटला तर हसण्याजोगे काही उरत नाही. दिवा व खिडकी सुरक्षित राहिली. डोळ्याचे आश्वासन मात्र चष्म्यावाचून देता येत नाही.

आपल्याकडेही दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. तेव्हा मुलाच्या हाती बंदूकच नको, असा उपदेश आम्ही करणार नाही. तो कोणी ऐकणारही नाही. बंदूक न दिल्यास मूल काठीची बंदूक करते. आमचे म्हणणे निराळे आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते प्रथम पाहावे. डोळ्यांना चष्मा घालावा. आणि मग एकच कसोटी लावावी : हे खेळणे मुलास काय करावयास लावते? आकार, आवाज आणि बाणांची संख्या या दुकानदाराच्या कसोट्या आहेत. मुलाची कसोटी नेम, युक्ती आणि सवंगडी ही आहे. या कसोटीस ती अवजड तोफ निम्मीच उतरते, आणि तिच्याहून कितीतरी स्वस्त असलेले, हाताने ओढावयाचे एका बाणाचे पिस्तूल पुरते उतरते.