चौकहून वर चढलेली वाट

रायगड जिल्ह्यात पायी भटकंतीची शंभरावर वर्षं जुनी परंपरा टिकून आहे ती माथेरानला.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाजवळ मुक्कामाला होते. समोरचा डोंगर पाहून ते वन ट्री हिलच्या बाजूने चढले, रामबागेच्या अंगाने उतरले. पुढे त्यांनी इथे घर बांधलं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी आगगाडी आणली आणि पाहुण्यांची सोय झाली. त्यांच्यासाठी पारशी कुटुंबांनीही हॉटेलं चालवली.

मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. सामान हमालाच्या डोक्यावर, नाहीतर घोड्यावर. पुढची लाल मातीची वाट बरेचजण चालूनच जातात. मोटारी बाहेर ठेवण्याचा हा नियम जपण्यातच माथेरानचं खरं शहाणपण आहे. पावसाळ्यात चिखल पोटरीपर्यंत उडतो, तरी लोक येतातच.