‘महल’ : फसलेली भूतकथा, न विरलेला सूर

लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्या इंदुरात, शीख मोहल्ल्यात झाला, हे आपण बाहेरगावच्या पाहुण्याला सराफ्याकडे नेता नेता हमखास सांगतो. पण ज्या चित्रपटाने हा आवाज देशभर पोहोचवला, तो ‘महल’ आपल्यापैकी किती जणांनी सबंध पाहिला आहे? ‘आएगा आनेवाला’ हे गाणे सर्वांना ठाऊक, चित्रपट मात्र बहुतेकांना ऐकूनच माहीत.

बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ १९४९ साली पडद्यावर आला. कमाल अमरोही तोवर लेखक म्हणून परिचित होते. दिग्दर्शनाची ही त्यांची पहिलीच वेळ. यमुनाकाठच्या ओसाड ‘संगम भवना’त नवा मालक हरिशंकर (अशोककुमार) वादळी रात्री येतो. तिथल्या तसबिरीत त्याला जुन्या, बुडून मेलेल्या मालकाच्या जागी स्वतःचाच चेहरा दिसतो. मग कुठून तरी सूर येतो आणि त्यामागोमाग कामिनी (मधुबाला) दिसते.

इथवर आपण जागचे हलत नाही. पुढे मात्र कथा हातातून सुटत जाते. उत्तरार्ध रेंगाळतो. विषप्रयोग, कोर्टकचेरी असे बरेच काही होते. शेवटी कामिनी भूत नव्हे, तर माळ्याचीच मुलगी आशा निघते. तसबिरीतल्या साम्याचे पटेल असे कारण काही मिळत नाही. कसलेही पाप नसताना सर्वाधिक सोसते ती हरिशंकरची पत्नी रंजना, आणि तिच्या दुःखाकडे चित्रपट पुरेसे पाहत नाही, हे आम्हांला आज अधिकच खटकते.

तरीही ‘महल’ मनातून जात नाही. अमरोहींना गोष्टीपेक्षा हुरहुर महत्त्वाची होती. जर्मनीहून आलेले छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी ती काळोखातून उभी केली. जिने, झुंबरे, झोपाळा हे सारे अर्धे उजेडात, अर्धे सावलीत. दिसते त्यापेक्षा न दिसणारेच जास्त जाणवते. पुढे ‘पाकीझा’साठीही अमरोहींनी याच विर्शिंगना बोलावले.

तोच काळोख संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी सुरात आणला. आवाज लांबून जवळ येतो आहे असे वाटावे, म्हणून आपल्याला कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत यायला लावले होते, अशी आठवण लतादीदींनीच सांगितली आहे. तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! तेव्हाची रीतच तशी होती. लोक गाणे गुणगुणत होते आणि गाणारी कोण, हे विचारत होते.

म्हणून आम्हांला वाटते, ‘महल’मधले खरे अदृश्य पात्र कामिनी नव्हेच, तो होता हा बिननावाचा आवाज. कामिनीचे रहस्य उलगडले आणि कथा फिकी पडली. आवाजाचे रहस्य उलगडले, तेव्हा एक युग सुरू झाले. ते पुरते पाहायला खेमचंद प्रकाश मात्र राहिले नाहीत. १९५० सालीच ते गेले.

तेव्हा उत्सवाच्या धामधुमीनंतर एखाद्या रात्री घरातले दिवे मालवून ‘महल’ अवश्य पाहा. दोष दिसतील, ते दिसू द्या. आपल्या गावच्या लेकीचा आवाज त्या अंधारातून कसा चालत आला, हेही ऐकू येईल.