पैवस्ती : नवा कागद ओळखण्याची जुनी रीत

१/ फोल्डरमध्ये नवी फाइल आली की ती आपोआप टिपणारी स्क्रिप्ट ही आज कागदपत्रे स्कॅन करणाऱ्यांची नित्याची गरज आहे. प्रश्न मात्र संगणकाहून जुना. पेशवाईतील कारकुनांनी तो दौत-लेखणीने सोडवला होता.

२/ त्या काळच्या पत्रावर पुष्कळदा दोन तारखा आढळतात. एक लिहिणाऱ्याची : ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र. दुसरी, पत्र हाती पडल्यावर घेणाऱ्याच्या दफ्तरात चढवलेली : ‘पै॥’, म्हणजे पैवस्ती. छापील साधनखंड वाचताना नवखा अभ्यासक हे ‘पै॥’ ओलांडून पुढे जातो आणि तिथेच फसतो.

३/ पानिपतचा संग्राम झाला १४ जानेवारी १७६१ रोजी. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची वार्ता लागली भेलशाजवळ, २४ जानेवारीच्या सुमारास, तीही एका सावकारी पत्रातून. मधल्या दहा दिवसांतील त्यांचे निर्णय पराभव ठाऊक असल्याचे धरून तोलणे हा निव्वळ अन्याय ठरेल.

४/ स्क्रिप्टही नेमकी इथेच चुकते. फाइलवरची तारीख बहुधा शेवटच्या बदलाची असते, आगमनाची नव्हे. समजा, देऊळगाव राजा येथील एखाद्या वाड्यातले कागद दोन वर्षांपूर्वी स्कॅन झाले आणि आज झिपमधून फोल्डरात उतरले. तारीख जुनीच राहू शकते. ‘कालनंतरच्या फाइली दाखव’ म्हणणाऱ्या स्क्रिप्टला त्या दिसणारच नाहीत. सिंदखेडकर जाधवांच्या या परिसरातील एखादी सनद अशी नजरेआड व्हावी, हे नुकसान लहान नाही.

५/ म्हणून तारखेवर विसंबू नये; याद्या ताडाव्यात. आजच्या नावांतून कालची नावे वजा केली की उरते ते नवे, आणि त्यापुढे स्क्रिप्टने स्वतःची वेळ नोंदवायची. ही पैवस्तीच! लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ आहे. त्यात फेऱ्या माराव्या लागत नाहीत, कर्नलच वर्दी देतो. मात्र स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाइलीची वर्दी हुकते, त्यामुळे सुरू होताना यादी एकदा ताडावीच लागते. शिवाय नाव उमटले म्हणजे फाइल पूर्ण उतरली असे नव्हे. लेखन संपल्याची वर्दी निराळी असते, तीच धरावी.

६/ १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. दुसरा खंड पानिपत प्रकरणाचा. मूळ पत्रांत पुष्कळदा चंद्र असतो, महिना असतो, वर्षच नसते. ते मजकुरावरून ताडावे लागते, आणि ते काम अद्याप कोणत्याही स्क्रिप्टवर निर्धास्तपणे सोपवता येत नाही.