हे प्राणी कोणाचे?

पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणीच्या रांगेत उभे असताना माझ्या आईने नातवंडांना सांगितलं, "मी तुमच्याएवढी होते तेव्हा ही गाडी नवी होती. आणि त्या तिकडे वाघ होता." फुलराणी १९५६ साली सुरू झाली. पार्क त्याआधी तीन वर्षं, १९५३ साली उघडला होता. १९९९ साली कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय झालं आणि इथले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. गाडी मात्र राहिली. धाकटी पाच वर्षांची आहे. तिने विचारलं, "आजी, वाघ गेला तो कोणाचा होता?"

"महानगरपालिकेचा," थोरल्याने परस्पर उत्तर दिलं. तो आठ वर्षांचा आहे आणि पाट्या वाचतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडी घेऊन गुजरातेत निघालो तेव्हा हा प्रश्न सोबत आला. ठरवलं होतं एवढंच: लांबचे पल्ले मुलांना झेपत नाहीत, म्हणून वाटेत जुनी, गावातली, एका सकाळी पायी फिरून होणारी प्राणिसंग्रहालयं बघायची. बडोदा, अहमदाबाद आणि शेवटी जुनागढ. जुनागढचं संग्रहालय लहान म्हणता येणार नाही, पण आईला सिंह बघायचा होता.

पुण्याचा वाघ महानगरपालिकेचा, हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचाही शिकारखाना होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० च्या नोव्हेंबरात तिथला गेंडा रेखाटला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा सह्याद्रीतला प्राणी नव्हे. तो पुण्यात उभा होता याचा अर्थ, पेशव्यांची सत्ता किती दूरवरून काय आणवू शकते हे पाहुण्याला दिसत होतं. गंमत अशी की ज्यांच्या नावाने तो शिकारखाना होता ते सवाई माधवराव त्या वर्षी अवघे सोळा वर्षांचे होते. सत्तेचा दिखावा होताच, पण त्यात एका पोराची हौसही असणार, असं मला वाटत राहतं. थोरल्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे गेंडा त्याचा स्वतःचा?" हो, त्याचा स्वतःचा. तेव्हा तरी उत्तर सोपं होतं.

बडोद्यात ते तितकंसं सोपं राहत नाही. गायकवाडांच्या या राजधानीत प्राणी बघायला लोक जमत ते आधी आखाड्यात. खंडेराव गायकवाडांच्या काळी, १८६० च्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे येऊन राहिला होता. हत्तींच्या झुंजींची त्याने लिहिलेली वर्णनं आणि सोबतची चित्रं युरोपात गाजली. भिंतींनी वेढलेलं मोठं मैदान, मदात आलेले हत्ती, भाले घेतलेली माणसं आणि वर सज्जांतून बघणारा दरबार. रयतही बघायला येई. प्राणी राजाचा, झुंज राजाची. प्रजेने बघायचं आणि राजाचं बळ मनात घेऊन घरी जायचं.

त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत त्याच शहरात, १८७९ साली, विश्वामित्री नदीच्या काठी सयाजीबाग उभी राहिली आणि तिच्यात प्राणिसंग्रहालय आलं. बागेला ज्यांचं नाव आहे ते सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेले. तेही त्या वर्षी सोळाचेच होते आणि पूर्ण अधिकार त्यांना मिळायला अजून दोन वर्षं होती. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. बडोद्याला येण्याआधी त्रावणकोरचे दिवाण होते, आणि तिरुवनंतपुरमचं संग्रहालय व प्राणिबाग त्याच काळात उभी राहिली होती. तेव्हा बडोद्याची बाग ही एका राजाची लहर म्हणून सोडून देता येत नाही. संस्थान म्हणजे दरबार, ही कल्पना मागे पडत होती आणि शाळा, संग्रहालय, ग्रंथालय, उद्यान ही नवी यादी पुढे येत होती. याच बागेतल्या संग्रहालयात आज निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. आमची दोन्ही मुलं त्याच्या फासळ्या मोजण्यात अर्धा तास रमली.

तरी एक गोष्ट बदलली नव्हती. आखाड्यात प्रेक्षक होते, बागेतही प्रेक्षकच होते. फक्त आता बघणाऱ्याने राजाच्या बळाऐवजी ज्ञान घरी न्यायचं होतं. पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या दृष्टीने हा फरक केवढा, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

विश्वामित्री या बागेतून वाहते आणि नदीत मगरी आहेत. कोणी आणून सोडलेल्या नाहीत. शहराच्या मधोमध, त्यांच्या त्या राहतात, आणि पुराच्या दिवसांत वस्तीतही येतात. आम्ही पुलावर उभे होतो. खाली चिखलाच्या काठावर एक मगर जबडा उघडा टाकून उन्हात पडली होती. धाकटीने कठड्याच्या फटीतून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिचा पिंजरा कुठाय?" आई म्हणाली, "हिला नाही पिंजरा. ही नदीची." मुलीला ते पटलं. माझ्या मनात मात्र ते उत्तर पुढच्या शंभर किलोमीटरांत घोळत राहिलं.

अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठचं प्राणिसंग्रहालय राजाने काढलेलं नाही. ते १९५१ साली उभं केलं रूबेन डेव्हिड यांनी, आणि त्यांचं मूळ आपल्याकडचं आहे. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. रूबेन डेव्हिड यांनी तरुणपणी शिकार केली आणि पुढे बंदूक ठेवून दिली. पशुवैद्यकाची पदवी नव्हती. जे आलं ते प्राण्यांना हात लावून, त्यांची दुखणी बघून आलं. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी एस्थर डेव्हिड पुढे इंग्रजीतली लेखिका झाली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या लेखिकेने वडिलांबद्दल आणि त्यांच्या प्राण्यांबद्दलही लिहिलं आहे.

रूबेन डेव्हिड यांनी सिंह आणि कुत्रा एका पिंजऱ्यात वाढवले, ही गोष्ट जुने अहमदाबादकर अजून सांगतात. आजच्या नियमांत ती बसणार नाही, आणि बसू नये असंच मलाही वाटतं. पण इतिहास म्हणून तिच्यात काहीतरी आहे. पुण्याचा गेंडा दौलतीचा पुरावा होता, बडोद्याचे प्राणी ज्ञानाचं साधन. कांकरियात प्राण्यांना नावं मिळाली, स्वभाव मिळाले, त्यांच्या दुखण्यांची काळजी करणारा माणूस मिळाला. थोरल्याने विचारलं, "म्हणजे हे प्राणी त्या काकांचे होते?" मी म्हटलं, "प्राणी नगरपालिकेचे होते. काका प्राण्यांचे होते." त्याला हे उत्तर आवडलं नाही. खरं तर मलाही ते जरा जास्तच गोड वाटलं.

जुनागढला आम्ही मुद्दाम अमरेलीवरून गेलो. अमरेली हा बडोदा संस्थानचाच, सौराष्ट्रात तुटक पडलेला प्रांत. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ साली आधी इथे केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. या प्रांताची हद्द गीरच्या जंगलाला भिडत होती. जंगल बरंचसं जुनागढच्या नवाबांचं होतं. एकेकाळी उत्तर हिंदुस्थानभर असलेला सिंह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात फक्त या एका जंगलात उरला होता. नवाबांनी शिकारीवर बंधनं घातली, पण सिंहाला संस्थानांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. तो पलीकडे गेला की नवाबांचा कायदा अलीकडेच राही. म्हणजे एकच सिंह रात्रीत एका राजाचा आश्रित आणि दुसऱ्याची शिकार होऊ शकत होता.

जुनागढचं सक्करबाग १८६३ साली, नवाब महाबतखान दुसरे यांच्या काळात स्थापन झालं. विहिरीच्या साखरेसारख्या गोड पाण्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. राजाच्या हौसेतून निघालेल्या या बागेवर पुढे एक मोठं काम येऊन पडलं: आशियाई सिंहांची बंदिवासातली पैदास. देशातल्या नि परदेशातल्या संग्रहालयांत गेलेल्या कितीतरी सिंहांची मुळं इथली आहेत. २००९ साली सिंगापूरला सिंह देऊन इथे आफ्रिकी चित्तेही आणले गेले. भारतातला चित्ता १९५२ सालीच नामशेष म्हणून जाहीर झाला होता, त्यामुळे लोक त्यांना बघायला लोटले.

आणि इथेच, सिंहासमोर उभं राहून, 'कोणाचा' या प्रश्नाचं सर्वांत अवघड उत्तर मला मुलांना सांगावं लागलं. गीरमध्ये २०२० साली ६७४ सिंह मोजले गेले, २०२५ मध्ये ८९१. आनंदाचीच गोष्ट. पण सगळे एकाच प्रदेशात. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या एका भागात थोड्या दिवसांत तेवीस सिंह मेले. त्यांतल्या काहींत कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला. असं काही होऊ शकतं म्हणूनच थोडे सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवावेत असा विचार कित्येक वर्षं चालू होता. गुजरातची बाजू अशी मांडली गेली की सिंह आमच्या घरचे आहेत, आणि घरचं माणूस कोणी देऊन टाकत नाही. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. माणसांच्या मालकीपेक्षा त्या जातीचं हित पाहिलं पाहिजे, असं म्हणत सहा महिन्यांत स्थलांतर करायला सांगितलं. सिंह आजवर हललेले नाहीत. कुनोत २०२२ साली उतरले ते नामिबियाचे चित्ते.

थोरल्याने नीट ऐकलं. "पण घरचे असतील तर ते सुरक्षित राहावेत असंच वाटेल ना?" तो म्हणाला. आई म्हणाली, "वाटतं रे. आणि तरी सोडवत नाही." ती सिंहाबद्दल बोलत होती की पुण्यातून कात्रजला गेलेल्या तिच्या लहानपणीच्या वाघाबद्दल, की मुलं परदेशी गेलेल्या शेजाऱ्यांबद्दल, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला विचारत होतो की मुलांना असं पिंजऱ्यापिंजऱ्यांतून फिरवणं बरोबर होतं का. देशातल्या संग्रहालयांना कायद्याने मान्यता घ्यावी लागते ती केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली आल्यापासून. त्यानंतर निकषांत न बसणारी कितीतरी लहान संग्रहालयं बंद झाली, प्राणी दुसरीकडे गेले. ते योग्यच झालं. वाटेत एका गावात, एका छोट्या बागेत, लोखंडी गजांचा एक रिकामा पिंजरा आम्ही पाहिला. आत गवत वाढलं होतं आणि एक पोपट गजांतून मनाला येईल तसा आतबाहेर करत होता. मुलं सगळ्या प्रवासात जितकी शांत उभी राहिली नव्हती तितकी तिथे राहिली. 'हा कोणाचा' हे या वेळी कोणी विचारलं नाही. धाकटीने फक्त पोपटाला हाक मारली. तो आला नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.