मिनी मोटारीचे अडखळणे : एका निदानाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा यंत्रांच्या पराक्रमांचाच इतिहास लिहितात. अमुक वर्षी अमुक मोटार निघाली, तिने अमुक शर्यत जिंकली, तिचा वेग ताशी इतके मैल भरला, एवढे सांगितले की त्यांचे काम संपते. परंतु माणसाच्या आजारपणावरून त्याच्या प्रकृतीची जशी खरी ओळख पटते, तसेच यंत्राचेही आहे. त्याची घडण कोणत्या तडजोडींतून झाली आणि घडविणाऱ्यांची दृष्टी कोठवर पोचली होती, हे ते सुरळीत चालले असताना कळत नाही. ते अडखळू लागले म्हणजे कळते. ह्या दृष्टीने पाहता इंग्लंडमधील ‘मिनी’ ह्या चिमुकल्या मोटारीच्या एका जुनाट दुखण्याची हकीगत मोठी बोधप्रद आहे.

दुखणे तसे सर्वांच्या ओळखीचे. आपल्याकडील मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तेच ते. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण वेळेवर पेट घेत नाही. गाडी झटके देते, चढावर तिचा दम जातो, आणि प्रसंगी ती भर रस्त्यात मुकाट्याने उभी राहते. मिनीचे हे दुखणे विशेषेकरून पावसात उठे. ते का उठे, हे समजण्यासाठी तिच्या जन्मकथेकडे वळले पाहिजे.

१९५६ साली सुवेझ कालव्याचा तंटा उपस्थित झाला आणि इंग्लंडला तेलाची चणचण भासू लागली. त्या वर्षअखेरीस तेथे पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, आणि जर्मनीत बनणाऱ्या बुडबुड्यासारख्या लहान मोटारी इंग्लिश रस्त्यांवर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड ह्यांना ह्या गाड्यांचा मनस्वी तिटकारा. खरीखुरी, चार माणसे बसतील अशी, परंतु अगदी लहान मोटार तयार करा, मात्र इंजिन आपल्या कारखान्यात आजच बनत असेल तेच घ्या, अशी आज्ञा त्यांनी ॲलेक इसिगोनिस ह्या आपल्या अभियंत्यास केली. इसिगोनिस हा १९०६ साली स्मर्ना शहरी जन्मलेला. मोठा कल्पक, तितकाच हट्टी, आणि समितीने काढलेल्या आराखड्यांविषयी मनात अनादर बाळगणारा.

सुमारे दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे आणि त्यांचे सामान बसवावयाचे म्हणजे यंत्रास जागा उरत नाही. इसिगोनिसने इंजिन आडवे ठेविले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच बसविला, आणि चाके अवघी दहा इंचांची घेतली. रेडिएटर नेहमीप्रमाणे नाकासमोर न ठेवता एका बाजूस, चाकाच्या कमानीलगत नेला. ह्या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. इतर मोटारींत रेडिएटर हा इंजिनास थंडावा देतोच, शिवाय समोरून येणारा वारा व पाऊस ह्यांना आडोसाही करतो. हे दुसरे काम कोणी त्यास नेमून दिलेले नसते. तो ते सहजगत्या करीत असतो. मिनीत रेडिएटर बाजूस गेला, आणि समोरच्या जाळीमागे उघडे इंजिन तेवढे राहिले.

तरीही पहिल्या नमुन्यांत ही उणीव जाणवण्याचे कारण नव्हते, कारण त्या वेळी इंजिनाचे तोंड उलट दिशेस होते. जाळीच्या बाजूस कार्ब्युरेटर होता. मात्र थंड व दमट हवेत पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि हवेतील बाष्प कार्ब्युरेटरच्या गळ्यातच गोठू लागते. ही गोठण्याची तक्रार, आणि गिअरबॉक्सच्या सिंक्रोमेशवर पडणारा ताण, अशी दोन कारणे पुढच्या फेरफारास दिली जातात. ते कसेही असो; उत्पादन सुरू होण्यापूर्वी इंजिन अर्ध्या वर्तुळात फिरविण्यात आले. कार्ब्युरेटर मागच्या उबेत गेला आणि त्याची तक्रार मिटली. परंतु इंजिनास पुढची बाजू असते तशी मागचीही असते. जी मागे होती ती आता पुढे आली, आणि तिच्यावर डिस्ट्रिब्यूटर होता.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे ठिणग्या वाटणारा कारकून. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग ह्यांची जी योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली, तीच थोड्याफार फरकाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चालली. बॅटरीचा प्रवाह अवघ्या बारा व्होल्टचा. तो कॉइलमधून खेळवून, ‘पॉइंट’ नावाच्या दोन लहानशा टिकल्यांनी नेमक्या क्षणी तोडला, म्हणजे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. आणि डिस्ट्रिब्यूटर तो दाब एकामागून एक चारही प्लगांकडे पाठवितो. मिनीच्या इंजिनात हा क्रम एक, तीन, चार, दोन असा असे. इंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेत असले, तर डिस्ट्रिब्यूटरला सेकंदास दोनशे ठिणग्या वाटाव्या लागतात. इतक्या उच्च दाबाची वीज सर्वांत सोपी वाट शोधते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावर पाण्याचा पातळ थर जमला की प्लगाच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा त्या थरावरून इंजिनाच्या धातूत उतरणे तिला सोपे जाते. ठिणगी प्लगापर्यंत पोचतच नाही. हे वारंवार घडले तर टोपणावर कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि मग पाऊस थांबला तरी वीज त्याच रेघेने गळत राहते.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे, शक्ती ३४ अश्वांची, किंमत करासकट सुमारे ४९७ पौंड. त्या वर्षीचा इंग्लंडचा उन्हाळा विलक्षण कोरडा गेला होता. पुढे पावसाळी दिवस आले, तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींचा ओघ सुरू झाला. एक तक्रार अशी की पायांखालील गालिचे भिजून चिंब होतात. गाडीच्या तळाचे पत्रे एकमेकांवर ज्या बाजूने चढविले होते, त्यामुळे पाणी अडण्याऐवजी ओंजळीने घेतल्यासारखे आत येई. दुसरी तक्रार अशी की मुसळधार पावसात, विशेषतः पुढच्या लॉरीच्या चाकांनी उडविलेल्या तुषारांत शिरताच, इंजिन अडखळते. पहिली तक्रार पत्र्यांची जोडणी बदलून दूर झाली. दुसरीवर कारखान्याने डिस्ट्रिब्यूटरपुढे आडोसा देण्याचे उपाय केले. पण इंग्लिश मध्यमवर्गाने आपला घरगुती उपाय आधीच शोधला होता: भांडी घासताना घालावयाचा रबरी हातमोजा घ्यावयाचा, त्याची बोटे टोकाशी कापून त्यांतून प्लगांच्या तारा बाहेर काढावयाच्या, आणि मोजा डिस्ट्रिब्यूटरवर चढवावयाचा. चार बोटांतून चार सिलिंडरांच्या तारा आणि अंगठ्यातून कॉइलची तार! मुंबईच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावर बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने टोपण पुसणारे जुने ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्या उपायाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

एवढ्यावरच हे प्रकरण थांबते तर ते एका गाडीची खोड म्हणून विसरले गेले असते. परंतु ह्या कुटुंबवत्सल गाडीस लवकरच शर्यतीचे वेड लागले. जॉन कूपर हे शर्यतीच्या मोटारी बांधणारे गृहस्थ. त्यांच्या गाड्यांनी १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले होते. मिनीची वळणावरील चपळाई पाहून त्यांनी कंपनीचे मन वळविले, आणि १९६१ साली ‘मिनी कूपर’ निघाली. इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे, कार्ब्युरेटर दोन, शक्ती ५५ अश्वांची. आणि सिलिंडरातील दाबाचे प्रमाण ८.३ वरून ९ वर नेलेले. १९६३ साली ७० अश्वांची ‘कूपर एस’ आली आणि १९६४, १९६५ व १९६७ ह्या वर्षी मिनीने मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. १९६६ सालीही पहिल्या तीन क्रमांकांवर मिनीच होत्या, परंतु दिव्यांसंबंधीच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद करण्यात आले. ह्या कीर्तीमुळे साध्या मिनीचेही ‘ट्यूनिंग’ करून घेण्याची लाट आली. डाउन्टन गावच्या डॅनियल रिचमंड ह्यांच्यासारखे कुशल कारागीर नावाजले गेले, आणि गावोगावच्या तरुणांनी आपापल्या गॅरेजात तोच उद्योग आरंभिला.

आणि येथेच निदानाचा प्रश्न बिकट झाला. पावसात अडखळणाऱ्या साध्या मिनीचे कारण एकच होते. शक्ती वाढविलेली मिनी उन्हातही अडखळे, आणि तिची कारणे पाचसहा असत. सिलिंडरातील दाब वाढविला की त्या दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्ट लागतात. त्यामुळे जी कॉइल वा जी तार पूर्वी कशीबशी निभावून नेत होती, ती आता चढावर, इंजिनावर भार पडताच हार खाते. फेरे वाढविले की पॉइंटची स्प्रिंग अपुरी पडते आणि टिकल्या नीट मिटण्यापूर्वीच पुन्हा उघडू लागतात. शर्यतीसाठी थंड जातीचे प्लग घातले की शहरातील संथ वाहतुकीत त्यांवर काजळी धरते. शिवाय ह्या इंजिनाची एक जन्मजात अडचण अशी की चार सिलिंडरांस हवा घेण्याची द्वारे दोनच. दोन दोन शेजाऱ्यांनी एक द्वार वाटून घ्यावयाचे. एकाचा घोट संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो, आणि दोघांस मिश्रण सारखे मिळत नाही. कार्ब्युरेटर बदलणाऱ्यास ह्या असमानतेशी सदैव झगडावे लागे.

अशा वेळी अननुभवी माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो, कार्ब्युरेटरचा स्क्रू दोन फेरे फिरवितो, आणि हे सारे एकाच दुपारी. गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे त्यास कळत नाही. बिघडली तर मूळ बिघाड कोणता आणि आपण भर घातली तो कोणता, हेही कळत नाही. जाणत्या कारागिराची रीत निराळी. तो आधी हत्यार हाती घेत नाही, प्रश्न विचारतो: केव्हा अडखळते? ओल असताना की कोरड्यातही? भार पडल्यावर की फेरे वाढल्यावर? मग इंजिन संथ चालू ठेवून प्लगांच्या तारा एकेक करून काढतो. जी तार काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच निकामी होता. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात घालून पाहतो. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग अपराधी, जागीच राहिला तर शोध पुढे. गाडी अंधारात उभी करून बॉनेट उघडतो. वीज गळत असेल तर तारांवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पॉइंटची फट मोजतो. ती इंचाच्या पंधरा हजारांश असावी. कार्ब्युरेटरमधील पिस्टन जेमतेम इंचाचा बत्तिसावा भाग उचलून ऐकतो: फेरे वाढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन मंदावून बंद पडू लागले तर कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर योग्य. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावयाची, आणि परिणाम पाहिल्यावाचून दुसरीस हात लावावयाचा नाही, एवढाच ह्या विद्येचा मूलमंत्र.

पुढे काळ बदलला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत मिसिंग ओळखणारी व्यवस्था सक्तीची झाली, कारण न जळलेले पेट्रोल धुराड्यातून जाऊ लागले तर धूर शुद्ध करणारे यंत्रच जळून जाते. एखाद्या सिलिंडरात स्फोट झाला नाही की इंजिनाचा दांडा निमिषमात्र मंदावतो; तो मंदावलेला क्षण संगणक टिपतो आणि सिलिंडराचा क्रमांक सांगतो. ही सोय मोठीच आहे. परंतु संगणक कोणता सिलिंडर चुकला हे सांगतो. का चुकला हे तो बहुधा सांगत नाही. ठिणगी, इंधन आणि दाब ह्या तिघांची चौकशी अजूनही माणसासच क्रमाने करावी लागते.

मिनीच्या बाबतीत योगायोग असा की त्याच १९९६ साली तिच्या इंजिनाची नवी आवृत्ती निघाली. तीत रेडिएटर अखेरीस इतर मोटारींप्रमाणे नाकासमोर आला, आणि डिस्ट्रिब्यूटर समूळ काढून टाकण्यात आला. पावसाला आडोसा मिळाला तेव्हा ज्याला त्याची गरज होती तो उरला नव्हता! त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्रेपन्न लाखांहून अधिक गाड्या निघाल्यावर ह्या जुन्या मिनीचे उत्पादन बंद झाले.

इसिगोनिसच्या कीर्तीस ह्या हकीगतीने बाध येतो असे मुळीच नाही. आडव्या इंजिनाची त्याची कल्पना आज जगातील बहुतेक लहान मोटारींनी उचलली आहे. परंतु त्याच्या गाडीचे दुखणे ज्या जागी दिसले त्या जागी जन्मलेले नव्हते, हे विसरता येत नाही. ठिणगी चुकली डिस्ट्रिब्यूटरवर. पण ती चुकण्याची तजवीज त्याआधीच, रेडिएटर बाजूस सारताना आणि कार्ब्युरेटरची तक्रार मिटविताना, होऊन गेली होती. हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचेच होते. एकाने जागा वाचविली, दुसऱ्याने गोठणे थांबविले. दोहोंचे एकत्र फळ काय होईल, हा प्रश्न मात्र वेळीच पुढे आला नाही आणि कोरड्या उन्हाळ्याने तो विचारलाही नाही. घरात, संस्थेत किंवा राज्यात काही बिघडले म्हणजे आपणही जो शेवटी चुकला त्याच्यावर बोट ठेवून मोकळे होतो. अशा वेळी त्याच्या समोरचा आडोसा कोणी आणि कशासाठी काढला होता, हेही एकदा विचारून पाहावे.